टेस्ट सर्टिफिकेट बरोबर, हार्डनेस बरोबर, तरी चार्पी नापास

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. २२०५ डुप्लेक्सच्या (फेराइट आणि ऑस्टेनाइट अशा दोन प्रकारच्या कणांचं मिश्रण असलेलं स्टेनलेस) फोर्ज्ड रिंगा, चार्पीत (खाच पाडलेला नमुना हातोड्याच्या एका फटक्यात तोडून टफनेस, म्हणजे धक्का सोसायची ताकद, मोजायची टेस्ट) उणे ४६ अंशाला सरासरी ४५ ज्यूल हवेत आणि आलेत १२, १७, ९. केमिस्ट्री ठीक, हार्डनेस ठीक, फेराइट ४३ टक्के. 'मटेरियलच बोगस असेल का?' असं तुम्ही विचारलंय. सहा वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी आमच्या बार सप्लायरला चढ्या आवाजात विचारला होता. नंतर पेढ्यांचा बॉक्स घेऊन त्याच्या ऑफिसात जावं लागलं.

आधीच सांगते, मी मेटलर्जिस्ट नाही. मेकॅनिकल डिप्लोमा, भोसरीत छोटं मशीन शॉप, हीट ट्रीटमेंट बाहेरून. त्यामुळे हे सगळं ठेच लागून शिकलेलं आहे, तुमच्या कामाला जसंच्या तसं लागू होईलच असं नाही.

आमच्या रिंगांची भिंत १२० मि.मी. होती. पहिला रिपोर्ट नापास आल्यावर आम्ही त्याच हीटच्या (एकाच वेळी वितळवलेल्या पोलादाच्या) बारमधून २५ मि.मी. जाडीचा तुकडा कापला, दुसऱ्याच्या छोट्या भट्टीत १०६० अंशाला भिजवला, म्हणजे आतपर्यंत तापू दिला, आणि लगेच पाण्यात टाकला. चार्पी १७० च्या वर. मग काय, आम्ही तो रिपोर्ट नाचवत लॅबला फोन केला की तुमचं मशीन चुकतंय. लॅबने पुन्हा टेस्ट केली, पुन्हा ११. आम्ही तिसऱ्या लॅबला पाठवलं. तीन आठवडे आणि बरेच पैसे या भांडणात गेले.

खरं म्हणजे उत्तर आमच्या हातात होतं. तेच पोलाद, तीच हीट, पातळ तुकडा पास आणि जाड जॉब नापास. म्हणजे दोष पोलादात नव्हता, गार होण्यात होता. ते उत्तर आम्ही लॅबशी भांडायला वापरलं. माझी सगळ्यात महाग चूक हीच.

शेवटी एका संध्याकाळी मी हीट ट्रीटमेंटवाल्याच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिले, फोनवर स्टॉपवॉच लावून. भट्टीचं दार उघडलं. बास्केटमध्ये रिंगा डब्यात लाडू रचावेत तशा एकमेकींना चिकटून तीन थरांत. होइस्ट (जॉब उचलायचं यंत्र) एकच, आणि तो शेजारच्या भट्टीवर अडकलेला. तो येईपर्यंत वरच्या रिंगांच्या कडा पिवळ्याच्या लाल झाल्या, लालच्या काळपट. दार उघडल्यापासून पाण्यापर्यंत २ मिनिटं ४० सेकंद. टाकीतला सर्क्युलेशन पंप बंद, आणि भट्टीच्या आधीच्या खेपेमुळे पाणी हात घालवेना इतकं गरम. तिथला माणूस म्हणाला, "ताई, रोज असंच करतो, आजवर कुणाची कम्प्लेंट नाय."

त्याचं खोटं नव्हतं. त्याच्याकडे मुख्यतः ३०४ या साध्या स्टेनलेसचे फ्लँज (पाइप जोडायच्या चकत्या) यायचे. ३०४, ३१६ उशिरा पाण्यात गेले तर गंजाला विरोध कमी होतो, पण ती ऑस्टेनाइटची जात, टफनेसच्या बाबतीत बरंच सोसते. डुप्लेक्स सोसत नाही. तापमान साधारण ९५० ते ७०० च्या मधे रेंगाळलं की फेराइट फुटतो आणि त्यातून सिग्मा नावाचा क्रोमियम-मॉलिब्डेनमने भरलेला ठिसूळ फेज (पोलादातला वेगळ्या रचनेचा कण) तयार होतो. ८५० च्या आसपास तर ही काही मिनिटांची गोष्ट असते. बाहेरची कातडी पाण्यात पटकन गार होते, १२० मि.मी. च्या पोटात मात्र ही मिनिटं आरामात मिळतात, त्यात रिंगा चिकटलेल्या असतील तर बघायलाच नको.

आणि हे हार्डनेसमध्ये दिसत नाही! दोन-चार टक्के सिग्माने हार्डनेस जेमतेम हलतो, चार्पी मात्र कोसळते. फेराइटमीटरवर (चुंबकाने फेराइट मोजणारं उपकरण) तर उलटंच फसायला होतं. सिग्मा चुंबकाला धरत नाही, म्हणून आकडा थोडा खाली येतो आणि आपण खूश होतो की ४० ते ६० च्या आत आहे. तुमचे ४३ टक्के मला म्हणूनच खटकतात. जॉबच्या कातडीवर आणि पोटात वेगवेगळं मोजून बघा.

तुटलेले तुकडे टाकून दिले नसतील तर उन्हात धरून बघा. चांगल्या डुप्लेक्सचा तुकडा वाकतो, कडा फुगतात, आतला रंग मळकट राखाडी. आमचे तुकडे खडीसाखर फोडल्यासारखे, सपाट आणि चमचमते. त्याआधी लॅबला एएसटीएम ए९२३ ची मेथड ए, म्हणजे कॉस्टिक सोड्याचा एच (घासलेल्या पृष्ठभागावर रसायनाने आतली रचना उठवून बघणं), करायला सांगा. चार्पीच्या मानाने स्वस्त आहे आणि सिग्मा आहे की नाही ते फोटोतच दिसतं. आमच्या लॅबने हे सुचवायला काय हरकत होती? रिपोर्टवर 'डझ नॉट कन्फॉर्म' एवढंच. विचारलं तर म्हणे, कारण सांगणं आमच्या स्कोपमध्ये नाही.

वर कुणीतरी 'सरळ ३१६ वापरा, थंडीत ठिसूळ होत नाही' लिहिलंय. होत नाही, खरंय. पण ३१६ ची यील्ड (कायमचं वाकायला लागेपर्यंतची ताकद) २०५ मेगापास्कलच्या घरात आणि २२०५ ची ४५०. डिझाइनवाला जाडी दुप्पट करून देणार आहे का? आणि ज्यांनी स्ट्रेस रिलीव्ह (आतला ताण घालवायला मध्यम तापवणं) करून बघा म्हटलंय त्यांना हात जोडून विनंती, डुप्लेक्सला कार्बन स्टीलसारखं ६००-६५० ला नेऊ नका. खाली ४७५ च्या आसपास वेगळा ठिसूळपणा असतो, वर सिग्मा, मधे सुरक्षित जागा नाही.

उपाय आहे. पुन्हा पूर्ण सोल्यूशन अ‍ॅनील (वरच्या तुकड्यासारखं भिजवून लगेच पाण्यात) केलं की सिग्मा विरघळतो. दुसऱ्यांदा आम्ही एका थरात, मधे विटांचे तुकडे ठेवून, होइस्ट आधीच डोक्यावर आणून केलं. ३५ सेकंदांत पाण्यात, पंप चालू. जाडीच्या पाव खोलीवरून काढलेले नमुने ९० च्या पुढे गेले. मात्र पुन्हा अ‍ॅनील करायच्या परवानगीसाठी इन्स्पेक्शन करणाऱ्या ऑफिसने पाच आठवडे लावले. तोच भट्टीचा चार्ट तीनदा मागितला, तिसऱ्यांदा कारण शिक्का निळा हवा होता. तोवर रफ मशीनिंग झालेल्या रिंगा शेडमध्ये पडून, ग्राहक रोज फोनवर. अ‍ॅनीलनंतर अकरापैकी चार वाकड्या झाल्या, ३ मि.मी. मार्जिनमध्ये बसेनात, भंगारात गेल्या. तुमचं मशीनिंग अजून झालं नसेल तर हात लावू नका.

आता सप्लायरला मेल पाठवायच्या आधी इथे तीन गोष्टी लिहा: रिंगेची जाडी, नमुना नेमका कुठून काढला, आणि दार उघडल्यापासून पाण्यापर्यंत किती सेकंद लागले. तिसरी गोष्ट हीट ट्रीटमेंटवाल्याला विचारू नका, तो तीस म्हणेल. स्वतः जाऊन मोजा.