हातकागदावर सुलेखन सुरू करताना

सुलेखन शिकायला थेट हातकागदावरच, म्हणजे हाताने बनवलेल्या कागदावरच, सुरुवात करावी का, असे आपण विचारले आहे. हातकागद आणि सुलेखन या दोन्ही गोष्टींची ओढ आपल्याला एकाच वेळी लागली, याचा मनापासून आनंद वाटला. तरीही सुरुवातीचा सराव साध्या, गुळगुळीत कागदावरच करावा, कारण हातकागदाला पुरेशी खळ (शाई शोषली जाऊ नये म्हणून दिलेला चिकट लेप) दिलेली नसेल तर शाई तंतूंमधून पसरते, अक्षरांच्या कडा केसाळ होतात आणि दोष हाताचा की कागदाचा, हे नवशिक्याला उमगत नाही.

सध्या एवढेच सांभाळावे:

१. तिरका छाटलेला बोरू किंवा ३ ते ५ मिलिमीटर रुंदीचे चपटे निब घ्यावे. बारीक टोकात चुका लपतात.

२. टोक शिरोरेषेशी सुमारे ४५ अंशांत धरावे आणि रेघ संपेपर्यंत तो कोन बदलू देऊ नये. बहुतेकांची अक्षरे इथेच बिघडतात, कारण जाडी आणण्यासाठी ते पेन दाबतात. वास्तविक ती टोकाच्या रुंदीतून आणि कोनातून येते. म्हणून अक्षरांपूर्वी उभ्या, आडव्या, तिरप्या रेघांनी आणि अर्धवर्तुळांनी पाने भरावीत.

३. हातकागदाकडे वळाल तेव्हा आधी कोपऱ्यात एक रेघ ओढून ती वाळेपर्यंत शाई पसरते का, ते पाहावे.

वर्ख आणि रंगीत शाया यांचा विचार तूर्त नको.