बोटं ब्रेकपर्यंत पोचतात का?

प्रश्न : मी साताऱ्यात राहते, शाळेत शिकवते. वय ३९, उंची पाच फूट एक इंच. कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही. यंदा मुलीची दहावी संपली आणि सकाळचा वेळ माझा झाला. आधी अजिंक्यताऱ्याचा रस्ता चढायचा, मग जमलं तर यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जायचं, असं मनात आहे. जावळीतल्या आमच्या गावाकडचा रस्ता मुरमाचा आहे, तिथेही चालवायची आहे. ३५ हजार जमवलेत. दुकानदार म्हणतात, ‘लेडीज मॉडेल’ घ्या. आमच्या मिस्टरांनी पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली एक १९ हजारांची पाहून ठेवली आहे. भाचा म्हणतो, २९ इंची चाकांशिवाय घेऊच नकोस. मी काय घेऊ?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : ताई, या तिघांचं म्हणणं जरा बाजूला ठेवा आणि दुकानात गेल्यावर सगळ्यात आधी एक करा. सायकलवर बसा, मागून कुणाला तरी धरायला सांगा आणि हँडलच्या मुठी घट्ट धरा. आता मूठ न सोडता तर्जनी ब्रेकच्या लिव्हरवर ठेवा. बोटाचं पहिलं पेर लिव्हरवर नीट वाकतंय का? की नुसतं टोक टेकतंय?

हे आधी सांगते, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझी पहिली सायकल मी सेलमध्ये स्वस्त मिळाली म्हणून घेतली. फ्रेम १८ इंची, माझी उंची पाच फूट दोन. ‘सीट खाली करून देतो, बसेल तुम्हाला’ असं दुकानात म्हणाले आणि मी मान डोलावली. पानशेतच्या बाजूला एका मुरमाच्या उतारावर खडी लागली. ब्रेक दाबायचा तर मूठ सैल करावी लागे, मूठ धरायची तर ब्रेक सुटे. दर खड्ड्याला हे असंच चाललं होतं. शेवटी पुढचं चाक घसरलं आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर ओळखीच्या एका मेकॅनिकने लिव्हरच्या बुंध्याजवळचा बारीक स्क्रू दाखवला. ॲलन कीने दोन फेरे फिरवले, तशी लिव्हर माझ्या बोटांकडे सरकली. एवढंच काम होतं! वर्षभर मी समजत होते, की माझ्या हातात जोर नाही.

तो स्क्रू दुकानातच फिरवून घ्या. नंतर ब्रेक पूर्ण दाबून बघा, लिव्हर मुठीला टेकता कामा नये. टेकली तर केबल ताणून घ्यावी लागते. लिव्हर मुठीला अगदी खेटून बसवलेली असते, ती थोडी आत, हँडलच्या मध्याकडे सरकवायला सांगा, म्हणजे एका बोटाने ब्रेक दाबता येतो. आणि कोणत्या हाताला पुढचा ब्रेक आहे, ते विचारून घ्या.

आता फ्रेम. बूट घालून आडव्या दांडीवर दोन्हीकडे पाय टाकून उभ्या राहा. दांडी आणि तुमच्यामध्ये निदान दोन इंच जागा हवी. मुरमावर पाय पटकन खाली टेकावा लागतो, तेव्हा या दोन इंचांची किंमत कळते. तुमच्या उंचीला बहुतेक कंपन्यांची ‘एक्सएस’ किंवा ‘एस’ बसेल, म्हणजे साधारण साडेतेरा ते पंधरा इंच. सीट खाली केल्याने मोठी फ्रेम लहान होत नाही. हँडल लांबच राहतं, वर गुडघे दुमडून पेडल मारावं लागतं आणि चढावर गुडघे बोलायला लागतात. सीटची उंची अशी बघा : पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली, की पाय सरळ व्हायला हवा.

भाच्याला सांगा, २९ ची चाकं दगडधोंड्यांवरून सहज जातात हे खरंच आहे. पण लहान फ्रेमला ती अवजड पडतात. म्हणूनच काही कंपन्या लहान साईझमध्ये मुद्दाम साडेसत्तावीसची चाकं देतात. तुम्ही तीच घ्या. २४ इंची दाखवली तर नको म्हणा, ती मुलांची सायकल.

मिस्टरांना पटवणं जरा अवघड जाईल, कारण दोन शॉकवाली सायकल दिसते मोठी दमदार. पण त्या किमतीत मागचा शॉक म्हणजे एक साधी स्प्रिंग असते. पेडल मारताना ती दबते आणि तुमचा बराच जोर तिच्यातच जातो. शिवाय वजन वाढतं. अजिंक्यताऱ्याच्या चढावर ते वजन तुम्ही ओढणार आहात, मिस्टर नाही. फक्त पुढे शॉक असलेली, म्हणजे हार्डटेल घ्या. पुढचा शॉक डांबरी चढावर बंद करता येत असेल तर उत्तमच.

‘लेडीज मॉडेल’ या शब्दावर जाऊ नका. १९९० साली अमेरिकेतल्या ड्युरँगोला माउंटन बायकिंगची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. तिथे क्रॉस-कंट्री शर्यत जिंकलेल्या जूली फर्टाडो यांच्या नावावरून पुढे बायकांच्या सायकलींचा एक ब्रँडच निघाला. आज त्या ब्रँडच्या फ्रेमचा सांगाडा पुरुषांच्या सायकलीचाच असतो, शॉक मात्र हलक्या वजनाला जुळवलेला. बायकांच्या माउंटन बाइक वेगळ्या बनवणाऱ्या कंपन्या अजूनही आहेत आणि त्यांची सायकल तुम्हाला बसली तर जरूर घ्या. पण आपल्याकडे पुष्कळदा त्या नावाखाली तीच सायकल, रंग वेगळा आणि पुढे बास्केट, एवढाच फरक असतो. दांडी खाली वाकवलेली फ्रेम साडी-सलवारीला सोयीची, मुरमाच्या रस्त्यासाठी मुद्दाम घ्यावी असं तिच्यात काही नाही.

पैसे घालायचे ते ब्रेकवर आणि गिअरवर. यवतेश्वर चढताना दम लागतो, पण खरी परीक्षा उतरताना असते. साताऱ्याची हिल मॅरेथॉन धावते तोच हा रस्ता. कासहून परतताना बराच वेळ ब्रेकवर हात ठेवून यावं लागतं. पावसाळ्यात तिकडची लाल माती रिमला चिकटली, की रिमवर घासणारे रबरी ब्रेक निसटतात. डिस्क ब्रेकच घ्या. बजेटमध्ये तेल भरलेले, म्हणजे हायड्रॉलिक डिस्क मिळाले, तर बाकी कशातही तडजोड करा. कमी जोरात काम होतं आणि खाली येईपर्यंत बोटं आखडत नाहीत.

गिअर २१ की २४, या आकड्याने फसू नका. पुढच्या सगळ्यात लहान आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात मोजा. पुढे २२ दात आणि मागे ३४ असले, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक पाऊण फेरासुद्धा फिरत नाही. चढ हळू सरतो, पण सरतो. पुढे २८, मागे २८ असेल, तर घाटात उतरून ढकलावी लागेल.

दुकानात सहसा कुणी बोलत नाही, अशी एक गोष्ट सांगते, कारण कितीतरी जणी यापायी सायकल सोडतात. सीटवर खालची नाजूक जागा सोलवटते, सुन्न पडते. घरी पायरीवर पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून त्यावर बसा आणि पाय जरा वर उचला. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतील, ती तुमची बैठकीची हाडं. त्यांच्या मधोमधचं अंतर मोजा. माझं साडेतेरा सेंटिमीटर आलं. सीट त्याहून दोनेक सेंटिमीटर रुंद हवी, मध्ये खाच असेल तर अधिक बरं. जाडजूड जेलच्या कव्हरने तात्पुरतं बरं वाटतं, पण तासाभरात तेच टोचतं. पॅडेड शॉर्ट ट्रॅकपँटच्या आत घालायची, आणि तिच्या आत काही घालायचं नाही. शिवण नेमकी तिथेच घासते.

तीस हजारांची सायकल बघा. उरलेल्या पाचात हेल्मेट, पंप, एक जादा ट्यूब, टायर लिव्हर (टायर उचकटायची पट्टी), पंक्चरचं सामान आणि ती शॉर्ट बसवा. हवा मात्र दुकानदार दगडासारखी टणक भरून देईल. डांबरी रस्त्यावर चाळीस पीएसआय ठेवा, गावच्या मुरमावर तिसाच्या आसपास आणा, सायकल उडायची थांबेल. कासला गेलात तर पठारावर चाक घालू नका, डांबरी रस्ता पुरेसा आहे. फुलं नसतात तेव्हाही तिथल्या मातीच्या पातळ थरात त्यांची मुळं, कंद, बिया असतात.

रविवारी दुकानात गर्दी असते, शाळेला सुट्टी असेल अशा एखाद्या मधल्या वारी जा. सायकल दुकानासमोर नुसती गोल फिरवू नका. जवळचा एखादा चढ गाठा आणि तिथून खाली येताना मध्येच दोनदा थांबा. ट्रायलला नाही म्हणाले तर दुसरं दुकान बघा. आणि तर्जनी लिव्हरवर कशी बसली, ते मला नक्की लिहून कळवा.