वाचकांचे प्रश्न : वैमानिकाच्या जुन्या घड्याळाची पारख

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी जुन्या क्रोनोग्राफ घड्याळांविषयीची चार पत्रे एकत्र घेतली आहेत. वेळ दाखवता दाखवता स्टॉपवॉचचेही काम करणारे घड्याळ ते क्रोनोग्राफ, एवढे लक्षात ठेवले की पुढचे समजण्यास अडचण येणार नाही.

प्रश्न : माझे चुलत आजोबा निजामाच्या राजवटीत हैदराबादला डेक्कन एअरवेजमध्ये नोकरीस होते. त्यांच्या पेटीत ब्राइटलिंग कंपनीचे ‘नेव्हिटायमर’ घड्याळ निघाले. डायल काळी, तीत तीन छोट्या पांढऱ्या डायली आणि काचेभोवती आकड्यांची फिरणारी कडी. कंपनीनेच ते त्यांना दिले, असे घरात सांगितले जाते. संभाजीनगरचे एक दुकानदार पॉलिश करून आणि डायल पुन्हा छापून ते नव्यासारखे करून देण्यास तयार आहेत. तसे करावे का? आणि घड्याळ अस्सल आहे, हे घरच्या घरी कसे ओळखावे? — एक वाचक, लातूर

उत्तर : दुकानदारांना नम्रपणे नकार द्यावा. संग्राहक ज्या गोष्टींचे पैसे मोजतात, नेमक्या त्याच गोष्टी घड्याळ नव्यासारखे करताना नाहीशा होतात : डायलवरची मूळ छपाई, काट्यांवरचा पिवळसर पडलेला लेप, पट्टा जिथे अडकतो तिथल्या धारदार कडा आणि मागच्या झाकणावर कोरलेले आकडे. पॉलिशच्या चाकावर एकदा झिजलेली कड पुन्हा येत नाही, आणि डायल पुन्हा छापलेली आहे असे कळताच चांगले गिऱ्हाईक मागे फिरते. डाग पडलेली, पण मूळची डायल आम्ही केव्हाही चकचकीत नव्या डायलपेक्षा वरची मानू.

घरातल्या कथेविषयी मात्र थोडे कटू लिहावे लागत आहे. डेक्कन एअरवेज १९४५ साली सुरू झाली आणि १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात इतर खासगी कंपन्यांबरोबर इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. नेव्हिटायमरचा जन्म १९५२ च्या सुमाराचा, आणि तोही अमेरिकेतील विमानमालक व वैमानिक यांच्या ‘एओपीए’ या संघटनेसाठी झालेला. शिवाय सुरुवातीच्या नेव्हिटायमरमध्ये छोट्या डायलीही काळ्याच असत; पांढऱ्या डायली १९६० च्या दशकात आल्या. म्हणजे आपण वर्णन केले आहे तसे घड्याळ बाजारात येण्यापूर्वीच डेक्कन एअरवेज हे नाव उरले नव्हते. आजोबांनी ते पुढे स्वतः विकत घेतले असेल किंवा त्यांना कोणी भेट दिले असेल. त्याने घड्याळाला काही उणेपणा येत नाही, परंतु ही कथा सांगून जास्तीचा भाव मागू नये. पेटीतले जुने कागद रद्दीत घालण्यापूर्वी चाळावेत हे बरे, कारण खरेदीची पावती किंवा मनगटावर घड्याळ स्पष्ट दिसते आहे असे एखादे छायाचित्र मिळाले, तर ते तोंडी हकिकतींपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

पारख करण्याचा एक चांगला मार्ग घड्याळातच आहे. फिरत्या कडीवरचे आणि तिच्या लगत आत छापलेले आकडे मिळून एक वर्तुळाकार स्लाइडरूल होते, म्हणजे गुणाकार-भागाकाराची मोजपट्टी. कडीवरचा १० आतल्या १० समोर आणावा आणि भिंगातून सावकाश पाहावे : २० समोर २०, ३५ समोर ३५, ६० समोर ६०, अशी रेघेला रेघ भिडली पाहिजे. नंतर कडी फिरवून तिच्यावरचा २० आतल्या १० समोर आणावा. आता आतल्या २५ समोर ५० आणि ३० समोर ६० दिसले पाहिजेत. वैमानिक विमानात हेच करीत असे. याच मांडणीत कडीवरचा १२ हा आतल्या ६० समोर येतो, म्हणजे साठ मिनिटांत १२० मैल हा वेग झाला, आणि पंचवीस मिनिटांत किती अंतर कापले याचे उत्तर २५ समोरच्या ५० वर वाचता येते. दशांशचिन्ह कुठे द्यायचे, ते ज्याने त्याने मनात ठरवायचे. स्वस्तात पुन्हा छापलेल्या डायलवर हे विभाग गणिताने आखलेले नसतात, नुसते नकललेले असतात. त्यामुळे ते एका बाजूला जुळले तरी दुसऱ्या बाजूला केसभर सरकतात. डायल खोटी छापणाऱ्याला कंपनीचे नाव हुबेहूब काढता येते, पण ही लॉगॅरिदमची पट्टी सहसा साधत नाही.

यानंतर छोट्या डायलींची जागा पाहावी. त्या काळच्या ८०६ क्रमांकाच्या नेव्हिटायमरमध्ये बहुतेक वेळा व्हीनस १७८ हे हाताने चावी देण्याचे मशीन असे, आणि त्यात ९ जवळ चालू सेकंद, ३ जवळ तीस मिनिटांची मोजणी व ६ जवळ बारा तासांची मोजणी येते. छोट्या डायली १२, ६ आणि ९ जवळ असतील, तर आत बहुधा व्हॅलजू ७७५० घराण्यातले मशीन आहे आणि ते मशीन १९७३ पूर्वी अस्तित्वातच नव्हते. शेवटचा निवाडा अर्थात मागचे झाकण उघडल्यावरच होईल. ते काम जाणकार घड्याळजीकडून आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावे आणि मशीनवर कोरलेल्या नावाचे छायाचित्र काढून ठेवावे. व्हीनस १७८ मध्ये किल्ल्याच्या बुरुजावरील चऱ्यांसारखे उभे दात असलेले एक छोटे चाक दिसेल. बटण दाबले की ते एक घर पुढे सरकते आणि त्यानुसार क्रोनोग्राफ सुरू होतो किंवा थांबतो.

तोपर्यंत घड्याळाला चावी देऊन ‘चालते का’ हे पाहण्याचा मोह आवरावा. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या घड्याळातले तेल सुकते, त्यात आपल्याकडची उन्हाळ्यातली बारीक धूळ मिसळते आणि अशा कोरड्या मशीनची चाके फिरू लागली की त्यांचे आस झिजतात. प्रथम संपूर्ण सर्व्हिसिंग करून घ्यावे, आणि बदललेला प्रत्येक जुना भाग, मोडका स्क्रूसुद्धा, परत मागून घ्यावा.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी ती सांगणे आवश्यक वाटते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काट्यांवर आणि आकड्यांवर लावला जाणारा चमकणारा लेप पुष्कळदा रेडियमचा असे. त्याची चमक आता विझलेली असली तरी रेडियम विझलेले नाही, कारण ते निम्मे व्हायलाच सुमारे १६०० वर्षे लागतात. काच बंद असेपर्यंत घाबरण्याचे कारण नाही. धोका आहे तो लेपाची धूळ श्वासावाटे किंवा तोंडावाटे शरीरात जाण्याचा. म्हणून काच काढून लेप खरवडणे किंवा डायल फडक्याने पुसणे घरी कदापि करू नये. उलट इतक्या जुन्या घड्याळाचे काटे आजही रात्री लख्ख उजळत असतील, तर लेप नंतर भरलेला आहे असे समजावे.

प्रश्न : वडिलांनी सत्तरच्या दशकात आखाती देशातून सेइको कंपनीचे पिवळ्या डायलचे घड्याळ आणले होते. मागे ६१३९ असा आकडा आहे. चावी दिली तरी भरत नाही आणि मधला सेकंदकाटा हलत नाही. ‘हे अंतराळात गेलेले घड्याळ’ असे एकाने सांगितले. दुरुस्तीला टाकावे का? — एक वाचक, परभणी

उत्तर : आपण लिहिलेल्या दोन्ही गोष्टी बिघाड नाहीत. ६१३९ हे मशीन स्वयंचलित असून त्याला हाताने चावी देण्याची सोयच नाही. मनगटाच्या हालचालीनेच ते भरते. मधला लांब काटा हा क्रोनोग्राफचा आहे आणि या घड्याळात चालू सेकंदाचा वेगळा काटा नाही. घड्याळ आडवे धरून हलक्या हाताने थोडा वेळ हलवावे आणि वरचे बटण दाबावे. काटा निघाला तर मशीन जिवंत आहे. पुन्हा वरचेच बटण दाबून तो थांबवावा आणि मगच खालच्या बटणाने शून्यावर आणावा. वेळ बरोबर दाखवीत असले, तरी शेवटचे सर्व्हिसिंग कधी झाले ते आठवत नसेल तर एकदा करून घ्यावे.

अंतराळाची गोष्ट खरी आहे, पण ती आपल्या घड्याळाची नव्हे, त्याच्या भावंडाची. अमेरिकी अंतराळवीर विल्यम पोग यांनी नोव्हेंबर १९७३ मध्ये निघालेल्या स्कायलॅब ४ मोहिमेत पिवळ्या डायलचे ६१३९ मनगटावर नेले होते, म्हणून संग्राहक या नमुन्याला ‘पोग’ म्हणतात. आपले घड्याळ कधीचे हे मागच्या झाकणावरच्या सहा आकडी क्रमांकावरून कळते : पहिला आकडा वर्षाचा आणि दुसरा महिन्याचा. क्रमांक ३६ ने सुरू होत असेल तर घड्याळ जून १९७३ चे. या नमुन्याच्या पुन्हा रंगवलेल्या डायली आपल्या देशात फार फिरतात, त्यामुळे वडिलांनी स्वतः आणलेले आणि कधी न उघडलेले घड्याळ ही आपली जमेची बाजू आहे. ती एखाद्या उत्साही कारागिराच्या हाती घालवू नये.

प्रश्न : माझ्याकडे एचएमटीचे ‘पायलट’ आहे. तेही वैमानिकाचे क्रोनोग्राफ मानावे काय? — एक वाचक, बीड

उत्तर : नाही. १९६१ मध्ये सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनवू लागलेल्या एचएमटीचे ते चावीचे, तीन काट्यांचे साधे आणि गुणी घड्याळ आहे. त्यात स्टॉपवॉच नाही. काळ्या डायलचे मूळ ‘पायलट’ जपण्यासारखे खरेच आहे. बाजारात त्याच नावाने भडक रंगांच्या डायलींची जी घड्याळे मिळतात, त्यांतली बहुतेक जुन्या मशीनवर नवी डायल चढवून केलेली असतात. वापरायला घ्यायची तर खुशाल घ्यावीत, संग्रहासाठी नको.

प्रश्न : असे जुने घड्याळ विकण्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार अशी वस्तू पुरावशेष ठरण्यासाठी किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. १९५० ते १९८० च्या दरम्यानचे मनगटी घड्याळ त्यात बसत नाही, त्यामुळे ती परवानगी लागत नाही. विक्री लेखी करावी आणि पावतीवर मशीनचे नाव, झाकणावरचा क्रमांक व डायल मूळ आहे की पुन्हा छापलेली, हे तिन्ही नमूद करावे.