पोर्ट्रेट शिकतेयस ना, आधी खिडकी धर

तू पाठवलेले मैत्रिणीचे फोटो छान आलेत गं, फक्त उजेड वरच्या ट्यूबलाइटचा पडलाय म्हणून डोळ्यांखाली काळं दिसतंय. ती बंद कर, मैत्रिणीला खिडकीशी जरा तिरकं बसव, दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल धर आणि बुबुळात खिडकीचा ठिपका चमकला की समज जमलं.

- फोकस कायम जवळच्या डोळ्यावर. ५० एमएम लेन्स १.८ ॲपर्चरला (म्हणजे लेन्सचं भोक खूप उघडं) ठेवून अगदी जवळून फोटो काढलास तर नथ शार्प येते आणि डोळा आउट जातो, म्हणून सध्या २.८ किंवा ४ बरं.
- झूम लेन्सच्या १८ एमएम या रुंद टोकाने तोंडाजवळ जाऊ नकोस, नाक मोठं येतं! मागे हो, मग झूम कर.

एडिट करताना स्किन स्मूथ (त्वचा गुळगुळीत करणं) अगदी जपून, सगळं पुसलं की चेहरा प्लास्टिकचा दिसतो, गालावरचा तीळ राहू दे. सॉफ्टबॉक्स (लाइटचा उजेड मऊ करणारी पेटी) आत्ता घेऊच नकोस, महिनाभर हीच खिडकी.