‘चॅरिटी’ म्हणजे दानधर्म का?

‘कॅफॉड ही इंग्लंड आणि वेल्समधील कॅथलिक चर्चची परदेशांत दानधर्म करणारी संस्था आहे’ हे वाक्य भाषांतरात बरोबर आहे का, आणि ‘चॅरिटी’साठी एकच मराठी शब्द सर्वत्र वापरता येईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते एकच शब्द चालणार नाही, आणि या वाक्यात तर ‘दानधर्म’ अजिबात चालणार नाही.

‘चॅरिटी’चे मूळ लॅटिन ‘कारितास’ आहे. ते ‘कारुस’ म्हणजे ‘प्रिय’ या विशेषणापासून झाले असून त्याच विशेषणाचा ‘महाग’ असाही अर्थ होतो. आपल्या ‘मोलाचा’ या शब्दात दोन्ही छटा आहेत, तसेच काहीसे. बायबलच्या नव्या करारातील, संत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात 1611च्या इंग्रजी बायबलने ‘चॅरिटी’ हा शब्द योजला, तर 1881च्या सुधारित आवृत्तीने तेथे ‘लव्ह’ घातला. मराठी बायबलमध्ये या जागी ‘प्रीती’ आहे. त्यामुळे पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या 2005च्या परिपत्रकाच्या नावाचा, ‘देउस कारितास एस्त’चा, अनुवाद ‘देव प्रीती आहे’ असाच व्हायला हवा. तेथे ‘दान’ घातल्यास अनर्थ होईल.

दुसरा अर्थ कायद्याचा. इंग्लंडच्या कायद्यात ‘चॅरिटी’ हा संस्थेचा प्रकार आहे आणि दारिद्र्यनिवारण, शिक्षण, धर्मप्रसार अशी तिची मान्य उद्दिष्टे ठरलेली आहेत. यासाठी ‘धर्मादाय संस्था’ हा रुळलेला शब्द निःशंक वापरावा.

खरी अडचण तिसऱ्या अर्थाची, म्हणजे प्रत्यक्ष कामाची आहे. ‘दानधर्म’ या शब्दाच्या केंद्रस्थानी दाता असतो: पुण्य त्याचे आणि औदार्यही त्याचेच, घेणाऱ्याच्या वाट्याला फक्त पसरलेला हात येतो. कॅथलिक सामाजिक शिकवणीला नेमके हेच खटकते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1965 मध्ये बजावले की, न्यायाने जे आधीच देणे लागतो ते प्रीतीची देणगी म्हणून पुढे करू नये. पुढे 1967च्या ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ या विकासविषयक परिपत्रकात पोप सहावे पॉल यांनी चौथ्या शतकातील मिलानचे बिशप संत अँब्रोज यांचे वचन उद्धृत केले. गरिबाला तू स्वतःचे काही देत नाहीस, त्याचेच त्याला परत करतोस, असा त्याचा आशय आहे. ज्या कामामागचा विचार असा आहे त्याला आपण ‘दान’ म्हटले, तर शब्दच त्या विचाराला खोटे पाडतो. मराठीत याला जवळचा शब्द ‘देणे’ हा आहे, पण नाम म्हणून, ‘देणे फेडणे’ या प्रयोगातल्या अर्थाने.

‘खैरात’ तर नकोच. मूळ अरबीत तो चांगुलपणाचा शब्द असला तरी मराठीत त्याला उधळपट्टीचा वास लागला आहे.

मी ‘साहाय्य’ सुचवीन. ‘सहाय’ म्हणजे बरोबर जाणारा, सोबती; त्याचे भाववाचक नाम ‘साहाय्य’. (‘सहाय्य’ इतके सर्रास लिहिले जाते की ते चूक आहे असे सांगणाऱ्यालाच आता संकोच वाटतो.) कॅफॉडसारख्या संस्था बहुतांशी त्या त्या देशातील स्थानिक संस्थांच्या बरोबरीने काम करतात, म्हणून व्युत्पत्तीही येथे साजते. आयर्लंडमधील अशाच संस्थेचे ‘ट्रोकरा’ हे आयरिश नाव मात्र ‘दया’ या अर्थाचे आहे. ते विशेषनाम असल्याने तसेच ठेवावे आणि अर्थ वेगळा सांगावा.

आपल्या मजकुरातील ‘फॅमिली फास्ट डे’बद्दल एक सूचना. 1960 मध्ये कॅथलिक स्त्रियांनी डॉमिनिका या कॅरिबियन बेटावरील माता-बालकांच्या आरोग्यसेवेसाठी तो प्रथम पाळला आणि त्यातूनच 1962 मध्ये कॅफॉड उभी राहिली. ‘कौटुंबिक उपवास दिन’ हे भाषांतर योग्य आहे, परंतु मराठी उपवासात बहुधा पदार्थ बदलतात. येथे जेवण साधे करून वाचलेले पैसे द्यायचे असतात. एवढा खुलासा पहिल्या उल्लेखातच करावा.

आपले वाक्य मी असे लिहीन: ‘कॅफॉड ही परदेशांतील विकासकार्यास साहाय्य करणारी, इंग्लंड आणि वेल्समधील कॅथलिक चर्चची धर्मादाय संस्था आहे.’