वर्गातले इंग्रजी कळले नाही म्हणजे विषयच कळत नाही का?

मराठी माध्यमातून बारावी होऊन शहरातल्या महाविद्यालयात आलेली मुले समुपदेशनासाठी येतात, तेव्हा त्यांपैकी अनेकांचे म्हणणे एकच असते : "मला हा विषय झेपत नाही, मी सोडून देऊ का?" थोडे खोलात शिरल्यावर लक्षात येते की विषय त्यांनी स्वतःच्या आवडीने घेतलेला आहे आणि धसका घेतला आहे तो इंग्रजीतून होणाऱ्या तासांचा. अशाच एका विद्यार्थिनीचा अनुभव, तिची संमती घेऊन आणि ओळखीचे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, राज्यशास्त्र घेऊन पुढे वकिली करण्याची इच्छा असलेली. वर्गात प्राध्यापक बहुतांश इंग्रजीतून शिकवत आणि चालू घडामोडींसाठी इंग्रजी वृत्तपत्रातील राजकीय बातम्या वाचून दाखवत. तास सुरू होण्यापूर्वीच तिच्या पोटात गोळा येई. मग ती मागच्या बाकावर बसू लागली आणि पुढे तास बुडवू लागली. शिवसेनेतील फुटीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 रोजी दिलेल्या निकालावर वर्गात चर्चा झाली, तेव्हा बाकीचे विद्यार्थी बोलत होते आणि आपल्याला एक वाक्यही सुचले नाही, हे तिच्या मनाला फार लागले होते. "ज्या राजकारणावर आमच्या घरी रोज बोलणे होते, तेच मला वर्गात कळत नाही. मॅडम, माझी बुद्धीच कमी आहे," असे ती म्हणाली.

मी तिला तोच विषय मराठीतून समजावून सांगायला सांगितले. सुरुवातीला ती अडखळली, पण मग तिने गावातील सरपंचावर आलेल्या अविश्वास ठरावाची हकिकत सुरू केली. ठरावाची नोटीस तहसीलदारांकडे कशी गेली, विशेष सभा होईपर्यंत काही सदस्यांना गावाबाहेर का ठेवले गेले आणि सभेत हात वर करताना कोण कोणाकडे पाहत होते, हे तिने बारकाईने सांगितले. विधानसभेतील बहुमत चाचणी आणि ही सभा यांत फरक काय, असे विचारताच ती म्हणाली की ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्यामुळे तेथे सदस्यांना पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदान कसे करायचे याचा आदेश, लागू होत नाही; आमदाराने मात्र तो मोडला तर त्याचे पद जाऊ शकते. प्रतोद, म्हणजे असा आदेश बजावणारा आमदार, नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे त्या पक्षाच्या आमदारांच्या गटाचा, नाही, हा सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालातील महत्त्वाचा मुद्दाही तिने मराठी वृत्तपत्रात वाचला होता आणि तो तिला नीट समजला होता.

एवढे समजलेल्या मुलीला स्वतःची बुद्धी कमी वाटावी, याचे मला मनापासून दुःख झाले. अपरिचित भाषेतले वाक्य उलगडण्यातच सगळे लक्ष खर्च होते, त्यामुळे आशयाकडे वळेपर्यंत शिक्षक पुढे गेलेले असतात. यात बुद्धीचा काही दोष नाही. तिच्या वडिलांनाही हे समजावून सांगावे लागले, कारण मुलीला इंग्रजी माध्यमात घातले नाही याची खंत ते तिच्यासमोरच वारंवार बोलून दाखवत आणि त्यामुळे ती अधिकच खचत असे.

मात्र इंग्रजी टाळण्याचा सल्ला मी तिला दिला नाही आणि कोणालाही देणार नाही. घटनेच्या कलम 348 नुसार सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतून चालते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत उत्तरे मराठीतून लिहिता येतात, परंतु सामान्य अध्ययनाच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असतात. वकिली किंवा प्रशासनाकडे जाणाऱ्याला इंग्रजी वाचता आलेच पाहिजे. प्रश्न एवढाच होता की आधी काय करायचे.

आम्ही असे ठरवले की उद्या वर्गात होणारा भाग तिने आदल्या रात्री मराठी पाठ्यपुस्तकातून वाचायचा, टिपणे मराठीतच काढायची आणि पारिभाषिक संज्ञा तेवढ्या जशाच्या तशा लिहायच्या. राजकीय बातमी प्रथम मराठी वृत्तपत्रात वाचून तीच बातमी नंतर इंग्रजीत वाचायची. अग्रलेखांना इतक्यात हात लावायचा नाही, कारण त्यांत वाचकाला मागचे सगळे ठाऊक आहे असे धरून लिहिलेले असते. सर्वांत अवघड होते ते वर्गात तोंड उघडणे. "सर, हा प्रश्न मराठीतून विचारला तर चालेल का?" हे वाक्य तिने माझ्यासमोर अनेकदा म्हणून पाहिले. प्रत्यक्षात विचारले तेव्हा प्राध्यापकांनी लगेच होकार दिला आणि उत्तरही मराठीतून दिले. त्यानंतर आणखी काही मुले मराठीतून प्रश्न विचारू लागली. ज्या वर्गात अशा प्रश्नाला हसले जाते, तेथे शिक्षकांनी तत्काळ हस्तक्षेप करावा असे माझे ठाम मत आहे, कारण एकदा गप्प झालेले मूल पुन्हा बोलते करणे फार कठीण असते.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. झोप उडणे, जेवण कमी होणे, कशातच मन न लागणे हे काही आठवडे चालू राहिले, तर ते भाषेच्या अडचणीवर न ढकलता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. या मुलीच्या बाबतीत ती वेळ आली नाही. तास चुकवणे थांबले तसे पोटाचे दुखणेही कमी होत गेले.

इंग्रजी अग्रलेख तिला अजूनही जड जातात. पदवीनंतर विधी अभ्यासक्रमाची सामायिक प्रवेश परीक्षा देण्याचा तिचा निश्चय कायम आहे. ती परीक्षा मराठीतूनही देता येते, पण तिच्यात इंग्रजीचा एक स्वतंत्र विभाग असतो आणि सध्या ती त्याच विभागाचा सराव करत आहे.