वेंगुर्ल्यात शिक्षक नसताना ब्लूज गिटार शिकता येईल का? सोलो कधीपासून घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की वय एक्केचाळीस, गिटार आजवर हातात धरलेली नाही, आसपास ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, शिकवणारं कोणी नाही. मीही मालवणात शिक्षकाशिवायच शिकले, म्हणून खात्रीने सांगते: येईल. फक्त सोलोचा, म्हणजे साथीवर एकट्याने सूर वाजवण्याचा, विचार थोडा बाजूला ठेवा आणि आधी ठेका पक्का करा.

ब्लूजचा सगळ्यात रुळलेला साचा बारा बारचा असतो. प्रत्येक बारला चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन समजा. 'ए' पट्टीत, म्हणजे पेटीवरच्या पांढरी सहामध्ये, पहिले चार बार ए कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर), मग दोन डी, दोन ए, नंतर एक ई, एक डी, एक ए, आणि शेवटच्या बारला पुन्हा ई. हा शेवटचा ई तुम्हाला ओढून समेवर आणतो. त्यासाठी सुरुवातीला पूर्ण कॉर्ड धरायचीही गरज नाही. तारा बारीकपासून मोजतात, सर्वात जाड ती सहावी. पाचवी तार मोकळी ठेवा, चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरची आडवी धातूची पट्टी) तर्जनी ठेवून दोन्ही तारा एकत्र दोनदा वाजवा, मग तर्जनी न उचलता अनामिका चौथ्या फ्रेटवर ठेवून दोनदा. झाला ए. हीच बोटं एक तार खाली, चौथ्या-तिसऱ्या तारांवर नेली की डी, आणि सहाव्या-पाचव्या तारांवर नेली की ई.

आता लय. प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग करा, पहिल्या आणि तिसऱ्यावर वाजवा, मधला गाळा. यालाच शफल म्हणतात. भजनातला केरवा रंगात आला की जो झोल येतो, तो कानात असेल तर हे तुम्हाला लवकर सापडेल. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा, पायाने मात्रा धरा, आणि गप्पा मारताना हात चुकत नाही इतकं घोटा. इथे घाई करणारे पुढे अडतात, कारण ब्लूजचा सगळा जीव या डुलण्यात आहे.

गिटार कुठली हेही विचारलंत. तारा ओढायच्या असल्याने इलेक्ट्रिक सोपी पडते, त्यावर ००९ जाडीचा (सर्वात बारीक तार ०.००९ इंचाची) संच लावा. आपल्याकडे पावसात लाइट जाते, म्हणून अकूस्टिक घ्यायची असेल तर ०१० चा संच आणि प्लायवूडचा टॉप (पुढची फळी) घ्या. अख्ख्या लाकडाचा आवाज गोड असतो, पण किनाऱ्यावरच्या दमट हवेत ते फुगतं, पोट वर येतं आणि तारा फ्रेटपासून उंच जातात. वाजवून झालं की प्रत्येक तार कोरड्या सुती फडक्याने पुसा, नाहीतर घाम आणि खारी हवा मिळून तारा पाहता पाहता गंजतात. पावसाळ्यात गिटारच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळेवर बदला.

आता सुरांकडे येते, कारण इथे आपल्या कानाला एक आयती शिदोरी आहे. ब्लूजची मायनर पेंटॅटॉनिक म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हेच धानी रागाचे स्वर. चौथ्या तारेवर सातव्या फ्रेटला सा धरा. तिसऱ्या तारेवर पाचव्याला कोमल गंधार, सातव्याला मध्यम. तो मध्यम दाबून तार वर ढकला आणि पंचमापर्यंत न्या: ही मींडच आहे. तीन बोटं एकमेकांना टेकवून ढकला, मनगट फिरवा. आधी पंचम गाऊन घ्या, मग तार तिथे पोचवा, नाहीतर ओढलेला सूर कणसूर राहतो. म आणि प यांच्या मधला तीव्र मध्यम जाता जाता लावायचा, त्यावर मुक्काम करायचा नाही.

गंधार मात्र धानीसारखा लावू नका. साथीला पूर्ण ए सेव्हन (ए कॉर्डचाच ब्लूजमधला प्रकार) असेल तर त्यात शुद्ध गंधार वाजत असतो आणि वर तुम्ही कोमल लावता. पेटीवाल्याला हे खटकेल. ब्लूजला तीच खटक हवी असते. कोमल गंधाराची तार किंचित, पाव सुराइतकी ओढा, म्हणजे तो दोन्ही गंधारांच्या मधे लोंबकळतो. कापसाच्या शेतांवर राबलेल्या कृष्णवर्णीय माणसांच्या गाण्यातून हा सूर आला आहे, कुठल्या पाठ्यपुस्तकातून नाही. म्हणून ऐकणं टाळू नका. ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनने १९३६ आणि १९३७ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली गाणी ऐका. मिसिसिपीतून १९४३ मध्ये शिकागोला गेलेला मडी वॉटर्स ऐका. आणि बी. बी. किंग सर्वात जास्त ऐका: तो ओळ गातो, थांबतो, मग गिटार बोलते. गाताना तो सहसा वाजवतच नसे.

तुमच्या सोलोची सुरुवात इथूनच करा. बारा बारांत चार-चार बारांच्या तीन ओळी बसतात. पहिली ओळ, तीच पुन्हा, आणि तिसरी वेगळी. प्रत्येक ओळ साधारण दोन बारांत गाऊन संपते, उरलेले दोन बार गिटारच्या उत्तराचे. दोन भजनी बुवांची डबलबारी ऐकत वाढलेल्याला हा सवाल-जवाब समजावून सांगायला नको. इंग्रजी शब्द नकोत, आपल्या मालवणीत जोडा: 'पाऊस काय थांबना नाय, होडी वाळूत पडान रवली', हे दोनदा, मग 'दर्यो माका इचारता, तू खंय रे रवलस?' आपला ठेका फोनवर रेकॉर्ड करून त्यावर हे गा आणि रिकाम्या बारांत फक्त सा, कोमल ग आणि म एवढ्यांनीच उत्तर द्या. बारा बार न अडखळता जाऊ लागले की त्याच दिवशी हे करून बघा, पाचही स्वर बसायची वाट बघू नका.